दोष घोट्याचा की कॅलेंडरचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी भारताचा संघ दुबईत उतरला, तेव्हा जसप्रीत बुमराह त्यात नव्हता. जानेवारीत सिडनी कसोटीच्या दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली, तो स्कॅनसाठी मैदान सोडून गेला आणि पुढे या स्पर्धेलाच मुकला. त्या महिन्यात आमच्या शारजातल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या पँट्रीत, स्टेडियमबाहेरच्या रांगेत एकच निदान ऐकू येत होतं: "त्याची अ‍ॅक्शनच तशी आहे हो. हे कधीतरी होणारच होतं."

या निदानात तथ्य नाही असं कोणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये त्याच्या पाठीच्या खालच्या भागात स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, म्हणजे हाडाला बारीक चीर गेली होती. २०२३ मध्ये शस्त्रक्रियाही झाली. पण सिडनीपर्यंतच्या त्या मालिकेत त्याने पाच कसोटींत १५१.२ षटकं टाकली होती, ही गोष्ट लिफ्टमध्ये कोणी काढली नाही. ३२ बळी सगळ्यांना पाठ होते, षटकं कोणालाच नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये, २०२५ च्या उन्हाळ्यात, तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला आणि 'वर्कलोड मॅनेजमेंट' या शब्दाची यथेच्छ टिंगल झाली. सप्टेंबरमध्ये आशिया कपसाठी तो इथे यूएईत गोलंदाजी करत होता. अ‍ॅक्शन तीच होती, वेळापत्रक तेवढं बदललं होतं. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये, हे संशोधकांच्या साइटवर वेगळं सांगायला नको. तरी आपलं लक्ष सहज कुठे जातं आणि कुठे जात नाही, ते यातून दिसतं.

पॉडकास्टमधल्या गप्पांत हा मुद्दा अर्धवट राहिला होता, म्हणून हा लेख. एका वाक्याची तपासणी करायची आहे: "हालचाल नीट करा, दुखापत टळेल." हे वाक्य तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल, बुटांच्या दुकानात ट्रेडमिलवर उभं राहून ऐकलं असेल, मुलाच्या क्रिकेट अकादमीच्या माहितीपत्रकात वाचलं असेल. वाक्य खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं न सांगितल्यामुळे पैसे एकाचे जातात आणि पाय दुसऱ्याचे दुखतात.

माझा घोटा

आधी स्वतःची गोष्ट सांगते. मी धावते. वेग बेताचा आहे, हौस मोठी आहे. एका वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या गारव्यात माझी उजवी नडगी दुखायला लागली. आधी धावताना, मग जिना उतरताना, शेवटी झोपेतसुद्धा. एका ठिकाणी दाखवलं. त्यांनी ट्रेडमिलवर पळवलं, मागून व्हिडिओ काढला, चित्र थांबवून त्यावर लाल रेघ ओढली आणि सांगितलं, "मॅडम, तुमचा घोटा आत कलतो." बुटात घालायचे खास तळ बनवून घेतले. सहा आठवडे थांबले. दुखणं गेलं.

पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, ते परत आलं. तेच बूट, तेच महागडे तळ.

माझं रोजचं काम आकड्यांचं आहे, म्हणून तेव्हा पहिल्यांदा फोनमधली धावण्याची नोंद उघडली. जे दिसलं ते लाजिरवाणं होतं. जून ते सप्टेंबर मी एसीत ट्रेडमिलवर आठवड्याला दोनदा, फार तर तीन किलोमीटर धावत होते. मधले तीन आठवडे पुण्यात, पावसात, आईच्या हातचं खाण्यात गेले होते. आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच शनिवारी, हवा बरी वाटली म्हणून, कॉर्निशवर आठ किलोमीटर. दोन्ही वर्षं तोच प्रकार. घोटा तर मार्चमध्येही आतच कलत होता, आणि मार्चमध्ये मी दहा किलोमीटर बिनतक्रार धावत होते.

मग तळांनी काही केलंच नाही का? सांगता येत नाही. सहा आठवडे थांबल्यामुळेही बरं वाटलं असेल. व्हिडिओ बघणाऱ्याने मला एक प्रश्न मात्र विचारला नाही: "गेल्या महिन्यात सगळ्यात लांब किती धावलात?" या प्रश्नाला मशीन लागत नाही. फीसुद्धा लागत नाही, हीच बहुधा त्याची अडचण आहे.

हालचाल सुधारली की काय होतं?

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण हालचालीला महत्त्व देणारे सगळेच काही विकायला बसलेले नसतात.

हाँगकाँगमध्ये तीनशेवीस नवख्या धावपटूंचा एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दैवाने दोन गट पाडले. एका गटाला दोन आठवडे ट्रेडमिलवर पाऊल हलकं टाकायला शिकवलं, समोर पडद्यावर दिसत राहायचं की आपण किती जोरात आपटतोय. दुसरा गट नुसताच धावला. वर्षभरात शिकवलेल्या गटात १६ टक्के लोकांना दुखापत झाली, दुसऱ्यात ३८ टक्क्यांना. हा फरक लहान नाही. म्हणजे धावण्याची ढब बदलून फायदा होऊ शकतो.

पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, जी रीलमध्ये येत नाही. हलकं पाऊल टाकणाऱ्यांची टाचेखालची आणि गुडघ्याची दुखणी कमी झाली, पण पोटरीची आणि टाचेमागच्या शिरेची दुखणी त्यांच्यातच जास्त आढळली. हे समजायला सोपं आहे. शरीरावर पडणारा भार ढब बदलल्याने नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. डाव्या हातातली पिशवी उजव्या हातात घेतली, तर डाव्याला आराम मिळतो. बटाटे तेवढेच राहतात.

बुटांचंही तसंच. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीवर हा प्रश्न तपासला गेला. काही जवानांना तळव्याचा आकार पाहून त्याप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एवढं होऊनही दुकानात अजून तुमचा तळवा मोजला जातो, आणि आपल्यालाही मोजून घ्यायला आवडतं, कारण कोणीतरी खास आपल्याकडे लक्ष दिलं असं वाटतं.

वेगवान गोलंदाजांवरचा एक जुना अभ्यास तर मला या सगळ्याचं सार वाटतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात ८२ तरुण वेगवान गोलंदाजांवर एक हंगाम नजर ठेवली, सरासरी वय साधारण सतरा. अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. त्यातल्या ११ टक्के मुलांच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, चेंडू टाकताना खांदे जास्त उलटे फिरवणाऱ्यांना धोका जास्त. दोन, सरासरीपेक्षा जास्त सामने खेळलेल्या मुलांमध्ये पाठीची दुखणी जास्त. पहिली गोष्ट क्रिकेटच्या जगाने उचलली. तिच्यावर कोचिंगचे अभ्यासक्रम झाले, हाय-स्पीड कॅमेरे आले, 'मिक्स्ड अ‍ॅक्शन' हा शब्द घराघरात पोचला. दुसरी गोष्ट मागे पडली. अ‍ॅक्शन सुधारणं हे कोचचं कौतुक. सामने कमी करणं हे मात्र कोच, शाळा, क्लब आणि आई-वडील या सगळ्यांचंच नुकसान.

दहा टक्क्यांची गंमत

इथे कोणी म्हणेल, भार हळूहळू वाढवायचा हे तर सगळ्यांना माहीत आहे, दर आठवड्याला दहा टक्के. हाही नियम तपासून बघितला गेलाय. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंचे असेच दोन गट केले. एका गटाने दहा टक्क्यांचा नियम पाळत तेरा आठवडे तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे. दुखापती पहिल्यात २०.८ टक्के, दुसऱ्यात २०.३. नियमाचा काही उपयोग झाला नाही.

मग भार हा मुद्दाच चुकीचा का? २०२५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे कोडं बरंचसं सोडवलं असं मला वाटतं. पाच हजार दोनशे धावपटू, घड्याळातली नोंद, दीड वर्ष. आठवड्याच्या बेरजेवरून दुखापतीचा नीट अंदाज येईना. एका दिवसाच्या धावेवरून मात्र येत होता. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एकाच दिवशी कापलं, तर धोका वाढत होता. दुपटीहून जास्त कापलं तर धोका दुपटीच्या वर गेला होता. माझे तीनाचे आठ किलोमीटर आठवा.

म्हणजे शरीर आठवड्याचा हिशोब ठेवत नाही. आपल्याला सवयीचं काय आहे आणि आज अचानक काय अंगावर आलं, एवढंच ते बघतं. याला मराठीत फार नेमका शब्द आहे: अंगवळणी पडणं. कोल्हापूरच्या तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी मोठ्या पैलवानाइतके जोर मारायला लावत नाही. त्याला बायोमेकॅनिक्स येत नसेल, पण अंगवळणी काय पडलंय आणि काय पडायचंय हे तो रोज डोळ्याने मोजत असतो.

यातली एक फसगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर मागाहून, महिन्यांच्या हिशोबाने सुधारतात. हाडाचं तर काम आणखी विचित्र आहे, नवीन बांधण्याआधी ते जुनं थोडं पोखरतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा आपल्याला "अरे, आता दम लागत नाही, वाढवू या" असं वाटतं, तेव्हा नडगीची तयारी अजून झालेली नसते.

आणि याचा उलटा अर्थही काढू नका. अति तिथे माती हे खरंच, पण फार कमी करणाऱ्याचीही मातीच होते, फक्त ती सुट्टीच्या दिवशी होते. वर्षभर नेमाने भरपूर मेहनत करणारा खेळाडू हा आठवड्यातून एकदा उगवणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो. आपला श्रीरामपूरचा झहीर खान २०११ च्या जुलैत लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी, १३.३ षटकांनंतर, मांडीचा मागचा स्नायू धरून बाहेर गेला. आधी आयपीएल, जिथे सामन्याला चार षटकं. मग वेस्ट इंडिजचा दौरा, जिथे तो गेला नव्हता. आणि मग एकदम कसोटी. कारण हेच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण प्रश्न विचारायचाच तर तो इथून सुरू करावा.

इथलं वर्ष

आता हे सगळं यूएईच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. युरोपात किंवा पुण्यात बसून लिहिलेले सल्ले इथे का फसतात, ते लगेच कळेल.

इथल्या वर्षाचे दोन तुकडे असतात. मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर पळणं म्हणजे पहाटे चारला उठणं किंवा मॉलमध्ये फेऱ्या मारणं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद, अर्धी बिल्डिंग गावी. मग परत यायचं, घामाची सवय मोडलेली, ती परत लागायला एक-दोन आठवडे जातात. ऑक्टोबरच्या शेवटी हवा बदलते आणि सगळं शहर एकाच दिवशी घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. लीग सुरू, धावण्याचे ग्रुप सुरू, अकादम्या सुरू. पुढे रमजान येतो, खेळ रात्री जातो, झोप कमी होते, आणि पुन्हा उन्हाळा. वर्षातून एकदा तरी शून्यावरून शंभरावर जायची सोय या हवामानाने करून ठेवलीये.

याच वळणावर दुबई फिटनेस चॅलेंज उभं असतं. २०१७ पासून दरवर्षी, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या सुमारास: ३० दिवस, रोज ३० मिनिटं व्यायाम. त्यात शेख झायेद रोड गाड्यांसाठी बंद करून दुबई रन होते, पाच आणि दहा किलोमीटर, विनामूल्य. अलीकडच्या वर्षांत दोन लाखांहून जास्त लोक त्यात उतरले आहेत. एरवी ज्या रस्त्यावर पाय ठेवायची सोय नाही तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे चालताना दिसतात. या उपक्रमाची टीका करताना हे आधी मान्य करायला हवं. चालणं, सायकल, योग, सगळं त्यात मोजलं जातं. रोज ३० मिनिटं म्हणजे आठवड्याला २१० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सुचवते त्या १५० ते ३०० मिनिटांत नेमकं बसणारं. बसून राहणाऱ्या शहराला उठवायचं असेल तर ३० गुणिले ३० ही सुटसुटीत, लक्षात राहणारी घोषणा आहे.

अडचण अशी की ही घोषणा आरोग्यासाठी आहे, आणि लोक ती ट्रेनिंगचा कार्यक्रम म्हणून वाचतात. त्या दृष्टीने बघितलं तर तिच्यात तीन उणिवा दिसतात.

पहिली, ती किती करायचं ते सांगते, कुठून सुरू करायचं ते नाही. चार महिने सोफ्यावर असलेल्याला आणि वर्षभर पोहणाऱ्याला तीच ३० मिनिटं. पहिल्याने चालावं आणि दुसऱ्याने हवं तर पळावं, हा फरक ज्याचा त्याने ओळखायचा. उत्साहाच्या भरात तो कोणी ओळखत नाही.

दुसरी, सलग ३० दिवसांची साखळी. साखळी तुटू नये म्हणून माणूस दुखऱ्या पायावर एकोणिसाव्या दिवशीही पळतो. विश्रांतीचा दिवस हा कार्यक्रमाचा भाग म्हणून मोजला जायला हवा. तसा तो मोजायला काही खर्च येत नाही. एक दिवस पळणं, एक दिवस नुसतं चालणं किंवा ताकदीचे व्यायाम, असं केलं तरी ३० मिनिटं पूर्ण होतातच.

तिसरी उणीव मला सगळ्यांत मोठी वाटते: तिला आधी आणि नंतर नाही. तयारीचा महिना सप्टेंबर असायला हवा, आणि डिसेंबरात काय करायचं हेही कोणी सांगायला हवं. महिना हे जाहिरातीचं माप आहे. हाडाला ते समजत नाही.

आणि गंमत म्हणजे या देशाला कॅलेंडरची जाण नाही असं अजिबात नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर काम करायला इथे कायद्याने बंदी असते. त्या नियमात कोणी कामगाराला "वाकताना पाठ सरळ ठेव" असं सांगून विषय संपवलेला नाही. वेळ बदलली, कारण धोका वेळेत आहे हे मान्य केलं. खेळाच्या बाबतीत मात्र आपण वेळेकडे बघत नाही आणि पाठीकडे बोट दाखवतो.

ज्याचा फोटो चांगला येत नाही

मग उपाय काय? काही उपाय चांगले तपासलेले आहेत, आणि ते कंटाळवाणे आहेत.

२०१४ मध्ये २५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, एकूण २६,६१० माणसं. ताणून धरण्याच्या व्यायामांनी, ज्याला आपण स्ट्रेचिंग म्हणतो, दुखापतींवर काही परिणाम दिसला नाही. ताकदीच्या व्यायामांनी दुखापती एक-तृतीयांशाहूनही खाली आल्या. आपण मैदानावर नेमकं उलटं करतो. टॉस होईपर्यंत एक पाय कठड्यावर ठेवून गप्पा मारायच्या आणि त्याला वॉर्म-अप म्हणायचं.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी तर एक व्यायाम आहे ज्याला साधनच लागत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्राने मागून घोटे धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे पडायचं. 'नॉर्डिक' म्हणतात त्याला. डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांत, ९४२ खेळाडूंवर, दहा आठवड्यांचा हा कार्यक्रम तपासला. ज्यांनी केला त्यांच्यात मांडीच्या मागच्या स्नायूच्या १५ दुखापती झाल्या, ज्यांनी नाही केला त्यांच्यात ५२. पुढे काही संशोधकांनी चॅम्पियन्स लीगमधल्या आणि नॉर्वेतल्या ५० व्यावसायिक संघांना विचारलं की तुम्ही हा व्यायाम करता का. तीन हंगाम धरून १५० पैकी १२५ वेळा उत्तर 'नाही' असं निघालं. कारण पहिले काही दिवस मांड्या भयंकर दुखतात. खेळाडू कुरकुरतात. आणि फोटो फारच वाईट येतो.

फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्म-अप असाच. वीस मिनिटं, थोडं पळणं, ताकद, तोल, उड्या, आणि उडी मारून उतरताना गुडघा आत पडू द्यायचा नाही ही सूचना. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवर तो तपासला, निकाल २००८ मध्ये आले. एकूण दुखापती साधारण एक-तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर. इथे हालचालीची शिकवण आहे हे मी मान्य करते. पण ती ताकदीसोबत आहे, हंगामभर नेमाने आहे, आणि मैदानातल्या सगळ्यांसाठी आहे. एकदा व्हिडिओ काढून लाल रेघ मारणं आणि हे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे व्यायाम ज्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडतील त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. शारजा-अजमानच्या रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर सुट्टीच्या दिवशी टेपबॉल क्रिकेट चालतं. खेळणाऱ्यांत ड्रायव्हर असतात, डिलिव्हरीवाले असतात, दुकानात दिवसभर उभे राहणारे असतात. ज्याला आठवड्याला एकच सुट्टी आहे तो सहा दिवस सीटवर बसून सातव्या दिवशी पूर्ण जोरात पहिला रन काढतो. त्याची मांडी धरली तर सोमवारी गाडी चालवणं अवघड, आणि गाडी चालली नाही तर घरी पाठवायचे पैसे कमी. त्याला कोणी ट्रेडमिलवर उभं करणार नाही, आणि त्याची त्याला गरजही नाही. आठवड्यातून दोनदा रूमवर, पार्टनरला घोटे धरायला सांगून, पाच मिनिटं पुरतील.

आईच्या वहीतली षटकं

सर्वांत मोठी काळजी मात्र मुलांची. माझ्या मैत्रिणीचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, उंच आहे, वेगात चेंडू टाकतो. शाळेचा संघ, आठवड्याला तीन दिवस अकादमी, सुट्टीत क्लबचे सामने. तिने मला विचारलं, "अगं, त्याच्या अ‍ॅक्शनचं अ‍ॅनालिसिस करून घेऊ का? महाग आहे, पण पाठीचा प्रश्न आहे." मी तिला विचारलं, "गेल्या आठवड्यात त्याने किती चेंडू टाकले?" तिला माहीत नव्हतं. त्याला माहीत नव्हतं. शाळेच्या सरांना शाळेचे माहीत होते, अकादमीच्या कोचला अकादमीचे. तिन्हींची बेरीज करणारं कोणी नव्हतं.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाचे मुलांसाठीचे नियम बरीच वर्षं अगदी साधे होते: चौदा-पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाने एका वेळी सहा षटकं, दिवसात बारा. त्याहून लहानांना पाच आणि दहा. असा आकडा परिपूर्ण नसतो, मूल आणि मूल यात फरक असतो. पण आकडा लिहिला की कोणाला तरी मोजावं लागतं, हा त्याचा खरा फायदा.

मैत्रिणीने वही घातली. तारीख, नेटमधले चेंडू, सामन्यातली षटकं, पाठ दुखली का, झोप किती. दोन आठवड्यांत दिसलं की गुरुवार ते रविवार चार दिवस सलग पोरगा गोलंदाजी करतोय. तिने गुरुवारचं अकादमीचं सत्र फलंदाजीपुरतं ठेवायला सांगितलं. कोच आधी थोडे नाराज झाले, मग वही बघून त्यांनीच शनिवारचं नेट कमी केलं. अ‍ॅक्शनचं अ‍ॅनालिसिस ती पुढे कधीतरी करेलही, आणि करावं. पाठीला सतत दुखणं असेल तर वहीवर न थांबता डॉक्टरांनाच दाखवावं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्या घोट्यावर, खांद्यावर किंवा पाठीच्या कण्यावर लाल रेघ मारली, तर रागवू नका. रेघ बरोबरही असेल. फक्त त्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात मी काय करत होते, ते तुम्ही विचारलंत का? ही हालचाल बदलली तर भार आता कुठे जाईल? आणि पुढचे तीन महिने आठवड्याला किती, हे लिहून द्याल का? उत्तरं मिळाली तर पैसे सार्थकी लागले. नाही मिळाली तर फोनमधली नोंद उघडा आणि स्वतःच बघा.

मी या वर्षी सप्टेंबरात पहाटे तीन किलोमीटरने सुरुवात केली, मग सव्वातीन, मग साडेतीन. ग्रुपमधले हसले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासोबत आठ किलोमीटर धावले, घोटा आत कलवत.